घरासमोरचा रस्ता, शेजाऱ्याची गाडी आणि अर्ध्या मीटरचं भांडण

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरासमोर सार्वजनिक रस्ता. शेजाऱ्यांकडे दोन गाड्या. एक ते स्वतःच्या भिंतीलगत लावतात, दुसरी दोन्ही घरांच्या फाटकांमधल्या जागेत, आणि तिचं नाक प्रश्नकर्त्याच्या फाटकासमोर सुमारे अर्धा मीटर येतं. रोज सकाळी गाडी बाहेर काढताना तीन-चारदा मागेपुढे करावं लागतं. तोंडी सांगून झालं, काचेवर चिठ्ठी लावून झाली. उत्तर आलं, "रस्ता काय तुम्ही विकत घेतलाय?" आता फाटकाशेजारी मोठ्या कुंड्या ठेवाव्यात, तक्रार करावी की कुणाला मध्ये घालावं?

कुंड्या ठेवू नका. बाकीच्या दोन्ही गोष्टींची वेळ येऊ शकते, पण त्याआधीची दोन कामं राहिली आहेत आणि अशा भांडणांत ती बहुतेक वेळा कुणीच केलेली नसतात: आपला हक्क नेमका कशावर आहे ते तपासणं आणि जागा टेप लावून मोजणं.

आधी हक्काचं. शेजाऱ्यांचं वाक्य झोंबणारं असलं तरी अर्धं खरं आहे. रस्ता ये-जा करण्यासाठी असतो, हा बहुतेक देशांच्या कायद्यांचा गाभा आहे. रस्त्यालगत राहणाऱ्याला आपल्या आवारात शिरण्याचा आणि आवारातून बाहेर पडण्याचा हक्क मिळतो. आपल्या भिंतीची लांबी जिथपर्यंत, तिथपर्यंत गाडी लावण्याचा राखीव हक्क मात्र मिळत नाही. ब्रिटनमध्ये स्वतःच्या दारासमोर गाडी लावण्याचा असा कोणताही हक्क नाही. रहिवासी परवाना योजना असते तिथेही परवाना म्हणजे त्या विभागात जागा शोधण्याची मुभा, विशिष्ट जागेची मालकी नव्हे. अमेरिकेत अशा परवाना योजना घटनाबाह्य नाहीत असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये आर्लिंग्टन काउंटीच्या खटल्यात दिला. पण तो वाद बाहेरून येणारे आणि राहणारे यांच्यातला होता. एकाच गल्लीतल्या दोन शेजाऱ्यांमध्ये त्याचा काही उपयोग नाही. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १२२ इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अशा रीतीने वाहन सार्वजनिक जागी सोडायला मनाई करतं. कलम १२७ खाली पार्किंगला मनाई असलेल्या ठिकाणी लावलेलं किंवा सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून जास्त काळ बेवारस सोडलेलं वाहन गणवेशातला पोलिस अधिकारी उचलायला सांगू शकतो. "माझ्या भिंतीसमोर लावली" हा गुन्हा यात कुठेही नाही.

जपानने या प्रश्नाला मुळातच हात घातला. तिथे १९६२ च्या कायद्याने गाडी ठेवायची जागा आधी दाखवावी लागते आणि ती घरापासून दोन किलोमीटरच्या आत असावी लागते. रस्ता हा गाडीचा तळ म्हणून वापरायचाच नाही. ज्या देशांनी हे केलं नाही तिथे गाड्या आधी आल्या आणि जागेचा विचार नंतर. त्यामुळे उरलेला हिशेब शेजाऱ्यांनाच करत बसावा लागतो.

तेव्हा कागदावर दोन रकाने करा. एकात ज्या गोष्टींनी ये-जा अडते त्या: फाटकासमोर आलेलं नाक, वळायला न उरलेला रस्ता, झाकली गेलेली नजर. दुसऱ्यात ज्या फक्त खटकतात त्या: गाडी आपल्या भिंतीसमोर उभी असणं, त्यांच्याकडे दोन गाड्या असणं, पाहुण्यांनी जागा अडवणं, सावलीची जागा आधी पकडणं. पहिला रकाना हक्काचा, दुसरा विनंतीचा. बोलताना हे दोन्ही एका दमात आले की समोरचा माणूस दुसऱ्या रकान्यातल्या कमकुवत मुद्द्याला पकडतो आणि पहिला मुद्दाही त्याबरोबर बुडतो. या प्रश्नात अर्धा मीटर नाक पहिल्या रकान्यात जातं. दुसरी गाडी दोन घरांच्या मध्ये लागते, ही तक्रार दुसऱ्यात.

माणसाला जागेवर मालकी वाटू लागते ती बहुतेकदा श्रमामुळे. समोरचा भाग रोज झाडला, झाड लावलं, खड्डा स्वखर्चाने बुजवला, की ती जागा "आपली" होते. बॉस्टनमध्ये बर्फ उपसून मोकळ्या केलेल्या जागेत खुर्ची किंवा बादली ठेवून ती राखायची पद्धत इतकी रुजली आहे की हिमवादळाची आणीबाणी उठल्यावर ४८ तासांपर्यंत शहर ती चालवून घेतं. म्हणजे ही भावना खुळी नाही, तिला दाद मिळू शकते. पण ती मान्यता सगळ्यांनी मिळून द्यावी लागते. एकट्याने कुंडी ठेवून ती मिळत नाही.

आता टेप. पाच मीटरची टेप आणि एक खडू पुरतो, काम अर्ध्या तासाचं. भिंतीची एकूण लांबी, फाटकाची रुंदी, फाटकाच्या दोन्ही बाजूंना उरलेली लांबी, शेजाऱ्यांच्या फाटकापर्यंतचं अंतर, रस्त्याची पूर्ण रुंदी आणि समोरच्या बाजूला गाडी उभी असताना उरणारी रुंदी, एवढी मापं घ्या. मग आपल्या आणि त्यांच्या गाड्यांची लांबी. ती मॉडेलच्या माहितीत असते, दारात जाऊन मोजायची गरज नाही. छोट्या हॅचबॅक साधारण ३.६ ते ४ मीटर, सेडान ४.४ ते ४.७, मोठ्या एसयूव्ही ४.७ ते ५. रुंदी १.७ ते १.८५ मीटर, आरसे उघडे धरले तर २ मीटरच्या आसपास.

एक उदाहरण घेतो, कारण यातच भांडणाचं मूळ दिसतं. दोन शेजारी प्लॉट, प्रत्येकी १२ मीटर रुंद, दोघांची फाटकं साडेतीन मीटरची आणि बरोबर मधोमध. प्रत्येकाच्या फाटकाच्या दोन्ही बाजूंना सव्वाचार मीटर उरतात. दोन फाटकांच्या मधली सलग जागा झाली साडेआठ मीटर. ती दोघांच्या भिंतींसमोर अर्धी-अर्धी. इथे चार मीटरच्या दोन गाड्या लावल्या तर आठ मीटर गेले, मध्ये अर्धा मीटर ठेवला की दोन्ही गाड्यांची नाकं नेमकी फाटकांच्या रेषेवर. कुणाची गाडी सेडान असेल तर ती फाटकात येणारच. शेजारी मुद्दाम करतात असं वाटत राहतं आणि प्रत्यक्षात बेरीज जमत नसते.

याच साडेआठ मीटरमध्ये साडेचार मीटरची एकच गाडी ऐन मध्यभागी लावली तर दोन्ही टोकांना दोन-दोन मीटर उरतात आणि ते कुणाच्याच कामाचे नसतात. तीच गाडी एका फाटकापासून एक मीटर सोडून टोकाला लावली तर दुसऱ्या बाजूला तीन मीटर सलग मिळतात. तिथे तीन दुचाक्या रस्त्याला काटकोनात बसतात. दुचाकीची लांबी साधारण दोन मीटर असते, म्हणजे ती कारच्या रुंदीपेक्षा फारशी पुढे येत नाही. गाडी मीटरभर सरकवायची, बाकी काही नाही. "तुमची गाडी हटवा" म्हटल्यावर न मिळणारी गोष्ट "एक मीटर पुढे घ्या" म्हटल्यावर पुष्कळदा मिळते.

फाटकांच्या जागेनेही मोठा फरक पडतो. वरच्यासारखी प्रत्येकाच्या मधोमध असलेली फाटकं म्हणजे ओळीने साडेआठ-साडेआठ मीटरचे तुकडे, आणि प्रत्येकात नीट बसणारी गाडी एक. तीच फाटकं जोडीजोडीने सामायिक भिंतीला लागून असती तर सलग १७ मीटर मिळाले असते आणि त्यात साडेचार मीटरच्या तीन गाड्या बसल्या असत्या: गाड्यांचे साडेतेरा, मधल्या दोन फटी ०.९ मीटरच्या, आणि दोन्ही टोकांना ०.८५ मोकळे. दोन घरांमागे दोन गाड्यांऐवजी तीन. घर बांधताना किंवा कुंपण बदलताना शेजाऱ्याशी हे एकदा बोलून घेतलं तर पुढची अनेक वर्षं सुखाची जातात. पण त्या वेळी सगळे फाटकाच्या रंगाची चर्चा करत असतात.

गाडी काढायला तीनदा मागेपुढे करावं लागतं यालाही कारण आहे, आणि ते नेहमी शेजारची गाडीच असतं असं नाही. काटकोनात लावलेली गाडी एका दमात बाहेर काढायला समोर साधारण सहा मीटर मोकळी रुंदी लागते. पार्किंगच्या इमारतींत दोन रांगांमधली वाट म्हणूनच तेवढी ठेवतात. तुमचा रस्ता सात मीटरचा असेल आणि समोर कुणी गाडी लावली असेल तर दोन मीटर गेले, उरले पाच. म्हणजे खरी अडचण समोरच्या बाजूला असू शकते आणि राग मात्र शेजारच्या नाकावर निघतो. तपासायचं कसं? समोरची गाडी नसेल त्या दिवशी किती वेळा मागेपुढे करावं लागतं ते मोजा. मग शेजारची नसेल त्या दिवशी. उत्तर आपोआप मिळतं.

दुसरं, बाहेर पडताना गाडीचा कोणता भाग कुठे जातो ते लक्षात घ्या. सरळ पुढे येऊन डावीकडे वळलात की मागचं डावं चाक आत कापतं, त्यामुळे डाव्या बाजूला फाटकाला चिकटून उभ्या असलेल्या गाडीला तुमचा मागचा दरवाजा घासतो. रिव्हर्समध्ये बाहेर येऊन मागचा भाग डावीकडे वळवलात की पुढचा उजवा कोपरा बाहेर झुकतो आणि खांबाला लागतो. ज्या बाजूला तुम्ही रोज वळता त्या बाजूला एक मीटर हवा. दुसऱ्या बाजूला ०.३ ते ०.५ मीटरवर भागतं. दोन्हीकडे एक मीटर मागायची गरज नाही. एका बाजूची मागणी सोडून दिल्याने बोलणंही सोपं होतं. गाडी रिव्हर्समध्ये आत घालून सकाळी सरळ बाहेर काढणं केव्हाही चांगलं, कारण रस्ता दिसतो. आणि उंच गाडी फाटकालगत असेल तर नजर झाकली जाते, म्हणून दोन गाड्यांपैकी ठेंगणी फाटकाजवळ आणि उंच लांब असं सुचवा.

रस्त्याच्या मोकळ्या रुंदीचं आणखी एक कारण आहे आणि ते दोघांनाही लागू आहे. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्यावर सात मीटरच्या रस्त्यात तीनच उरतात. अग्निशमन गाडीसाठी ब्रिटनच्या बांधकाम मार्गदर्शक नियमांत दोन कडांमध्ये ३.७ मीटर धरतात, अमेरिकेत चलनात असलेल्या अग्निसंहितेत वीस फूट, म्हणजे ६.१ मीटर. "माझी गैरसोय" यापेक्षा "बंब येईल का?" हा प्रश्न गल्लीतल्या तिसऱ्या-चौथ्या घरालाही आपला वाटतो. मात्र तो खरा असेल तेव्हाच काढा. अर्ध्या मीटरच्या भांडणात उगीच आगीचा बंब आणला की समोरच्याला लगेच कळतं.

टेप खाली ठेवण्यापूर्वी स्वतःच्या आवारातली जागाही मोजा. शेजाऱ्यांचा सर्वात धारदार मुद्दा बहुधा हाच असतो: "तुमच्या गॅरेजमध्ये भंगार, आणि आम्ही रस्त्यावर लावायची नाही?" २.४ मीटर रुंदीच्या जुन्या गॅरेजमध्ये १.८ मीटरची गाडी बसते, पण मधोमध लावली तर दोन्हीकडे ३०-३० सेंटिमीटर राहतात आणि दार उघडत नाही. चालकाच्या उलट बाजूच्या भिंतीला चिकटवून लावा, बाकीच्यांना आधी उतरवा, म्हणजे चालकाच्या बाजूला अर्ध्या मीटरच्या वर मिळतं. एवढं करून बोलायला जाणं आणि न करता जाणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

यानंतर दोन आठवडे नोंद ठेवा. रोज दोनदा, रात्री दहा-अकरा आणि सकाळी निघताना. रकाने चारच: तारीख-वेळ, कोणती गाडी, फाटकाच्या रेषेपासून किती आत किंवा बाहेर, आणि त्यामुळे काय झालं. ज्या दिवशी काहीच अडलं नाही तो दिवसही लिहा. फक्त वाईट दिवस लिहिलेली वही पाळत ठेवल्यासारखी वाटते, आणि तिच्यातून खरी माहितीही निघत नाही. पूर्ण नोंदीतून बहुतेकदा असं दिसतं की त्रास रोजचा नाही. आठवड्यातल्या ठरावीक दोन दिवशी आहे, किंवा मुलगा उशिरा घरी येतो त्या रात्रीचाच आहे. मग मागणी केवढी छोटी होते पाहा.

फोटो तीन ठिकाणांहून घ्या: फाटकाच्या अगदी समोरून दोन्ही खांब दिसतील असा, रस्त्याच्या कडेने आडवा चाक आणि खांब एका रेषेत येतील असा, आणि आतून गाडीच्या चालकाला दिसतं तसा. जमिनीवर टेप उघडून ठेवा, मग अंतराबद्दल वाद उरत नाही. फोनची वाइड लेन्स वापरू नका. ती अंतरं ताणते, आणि ज्याला हे ठाऊक आहे तो माणूस सगळेच फोटो खोटे ठरवतो. सीसीटीव्ही लावायचा असेल तर रोख स्वतःच्या फाटकावर ठेवा. शेजाऱ्यांच्या दाराकडे तोंड करून लावलेला कॅमेरा पार्किंगपेक्षा मोठं भांडण उभं करतो आणि त्यात चूक तुमची असते.

आता बोलणं. गाडी अडकलेली असताना, कुणाला उशीर होत असताना, रात्री नऊनंतर आणि इतरांसमोर, या चार वेळी बोलू नका. गाडी रोज जो लावतो त्याच्याशी बोला. घरातल्या वडीलधाऱ्यांकडे केलेली तक्रार चालवणाऱ्यापर्यंत पोचेतो "आपल्याबद्दल चुगली केली" एवढीच उरते. मागणी एकच न्या. "आमच्या घरासमोर", "तुम्ही नेहमी", "आम्ही इथे आधीपासून राहतो" हे शब्द टाळा, कारण तिन्हींवर तयार उत्तरं आहेत. हे चालतं:

"काका, दोन मिनिटं आहेत का? फाटकातून डावीकडे वळताना माझी गाडी तुमच्या गाडीला घासेल अशी भीती वाटते. मी मोजलं, तुमची गाडी मीटरभर मागे आली तर दोघांचंही भागतंय. खडूने खूण करून दाखवू का? आणि तुमची सकाळची गाडी किती वाजता निघते?"

शेवटचा प्रश्न सर्वात उपयोगाचा. जागेची टंचाई असते तेव्हा वेळेत शिल्लक सापडते. एकाची गाडी पहाटे सहाला निघत असेल आणि दुसऱ्याची नऊला, तर कोण कुठे लावतो यापेक्षा आधी निघणारी गाडी फाटकाजवळ आणि उशिरा निघणारी लांब असा क्रम लावला की पुष्कळ काही सुटतं. आठवडाभर न हलणारी गाडी तर फाटकापासून सर्वात दूर हवी. वेळा कळल्याशिवाय केलेली वाटणी चार दिवसांत मोडते.

चिठ्ठीबद्दल. काचेवर लावलेली चिठ्ठी जवळपास नेहमी नुकसान करते, कारण ती सगळ्यांना वाचता येते. लिहायचंच असेल तर थेट त्यांच्या फोनवर, चार ओळींत: काय अडतं, केवढं सरकायला हवं, कधीपासून, आणि माझा नंबर. गल्लीच्या किंवा सोसायटीच्या ग्रुपवर गाडीच्या नंबरचा फोटो टाकू नका. तिथे पहिल्या पाच मिनिटांत बाजू पाडल्या जातात आणि मग शेजाऱ्याला इच्छा असूनही मागे सरता येत नाही.

त्यांनी नकार दिला किंवा विषय उडवला तर लगेच तक्रारीकडे धावू नका. एकदा तिसरा माणूस आणा. मात्र त्याच जागेत गाडी लावणारा नको, आणि दोघांपैकी एकाचा नातलग नको. बैठक घरात नको, जागेवर घ्या, उजेडात, टेप हातात, पाऊण तासाच्या आत. दोघांनी आपापली गाडी आपल्याला योग्य वाटते तिथे उभी करून दाखवायची. मग गाड्या अदलाबदल करून दुसऱ्याच्या फाटकातून बाहेर काढायच्या. शब्दांनी जे पटत नाही ते शेजाऱ्याच्या फाटकातून स्वतः एकदा गाडी काढल्यावर पटतं. कुणाला दुसऱ्याच्या हातात गाडी द्यायची नसेल तर त्याने बाजूच्या सीटवर बसून पाहावं.

जे ठरेल ते लिहून ठेवा. करारनामा नको, फोनवरचा एक संदेश दोघांनी "ठीक आहे" म्हणून मान्य केला तरी पुरे. त्यात असावं: कोणती गाडी कुठल्या खुणेपर्यंत, पाहुणे आले तर कुणी कुणाला आणि किती आधी सांगायचं, रात्री-अपरात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर कोणाला फोन करायचा, आणि महिन्याभराने पुन्हा पाहायचं. खूण खडूची किंवा भिंतीच्या आतल्या बाजूला करा. रस्त्यावर ऑइल पेंटच्या रेषा मारायचा अधिकार आपल्याला नसतो. आणि एक गोष्ट दोघांनीही ध्यानात ठेवायची: ही वाटणी तुमच्या दोघांपुरती आहे. तिसऱ्याच कुणी तिथे नियमात बसेल अशी गाडी लावली तर त्याला हटवायचा हक्क यातून मिळत नाही. नव्या भाडेकरूवर "इथे आमचं ठरलंय" म्हणून ओरडणं हा पुढच्या भांडणाचा हमखास मुहूर्त असतो.

तक्रार करायची वेळ आलीच तर ती पहिल्या रकान्यातल्या मुद्द्यापुरती करा. कोणता विभाग काय करतो ते आधी बघा: अडवणारी गाडी हटवणं साधारणपणे वाहतूक पोलिसांकडे, रस्त्यावरच्या रेषा आणि फलक स्थानिक संस्थेकडे, बेवारस वाहनासाठी बहुतेक ठिकाणी वेगळी वाट. अर्जात पत्ता, फाटकाची आणि रस्त्याची रुंदी, गाडीचा क्रमांक, दिवस-वेळा, तीन फोटो आणि "बाहेर पडता येत नाही" हे एक वाक्य. जुनी कटकट, त्यांच्या घरातली भांडणं, त्यांच्या कुत्र्याचं भुंकणं यातलं काहीही नको. आत अडकलेली गाडी आणि बाहेरून आत न जाऊ शकणारी गाडी यात पुष्कळ ठिकाणी फरक करतात. ब्रिटनमध्ये आवारातून बाहेर पडण्याचा मार्ग अडवला तर पोलिस त्याकडे अडथळा म्हणून पाहतात, पण रिकाम्या आवारात शिरता येत नसेल तर तेवढ्या तातडीने येत नाहीत. तिथे फाटकासमोर गाडीसाठी फुटपाथची कड उतरती केलेली असेल तर २००४ च्या वाहतूक व्यवस्थापन कायद्याच्या कलम ८६ खाली स्थानिक परिषद दंड करू शकते, मात्र निवासी आवारासमोर राहणाऱ्याच्या संमतीने लावलेली गाडी त्यातून सुटते.

"नो पार्किंगची रेषा मारून द्या" हा अर्ज करण्यापूर्वी दोनदा विचार करा. अधिकारी येऊन मोजमाप घेतो तेव्हा फक्त शेजाऱ्याची जागा बघत नाही. नाक्यापासूनचं अंतरही बघतो. ब्रिटिश हायवे कोडमध्ये नाक्यापासून १० मीटरच्या आत गाडी लावू नये असं आहे, इतरत्रही असे नियम असतात. तुमचं घर वळणाजवळ असेल तर रेषा तुमच्याही गाडीच्या जागेवरून जाईल, आणि एकदा मारलेली रेषा पुसून घेणं फार जिकिरीचं.

गाडी हललीच नाही हे सिद्ध करायचं असेल तर एक जुनी पद्धत आहे. चाकात हवा भरायचा वॉल्व्ह घड्याळाच्या काट्यासारखा धरा: पुढच्या चाकाचा चारवर, मागच्याचा अकरावर, असं लिहून दोन्हींचा फोटो घ्या. आठवड्याने पुन्हा. दोन्ही वॉल्व्ह तिथेच असतील तर गाडी हललेली नाही, कारण हलून परत आलेल्या गाडीची दोन्ही चाकं नेमक्या त्याच जागी थांबणं फार दुर्मीळ. धूळ, पानं, बसलेले टायर हे त्याला पूरक.

काय करू नये याची यादी लांब आहे, तिच्यातलं महत्त्वाचं तेवढं सांगतो. कुंड्या, दगड, शंकू, साखळ्या: रस्त्यावर ठेवलेला अडथळा तुमचाच धरला जातो, आणि अंधारात दुचाकीवाला त्यावर आपटला तर जबाबदारीही तुमची. हवा सोडणं, ओरखडा, आरसा मोडणं हा सरळ गुन्हा आहे आणि आजकाल समोरच्या कुणाच्या तरी कॅमेऱ्यात तो दिसतो. बदला म्हणून त्यांच्या गाडीला आपली गाडी चिकटवून तिला कोंडणं हा तर सर्वात महागडा मूर्खपणा, कारण त्या क्षणी पहिल्या रकान्यातला दोष तुमच्याकडे जातो आणि दोन आठवड्यांची वही फुकट.

काही प्रसंग या सगळ्यात बसत नाहीत. शेजाऱ्यांकडे क्लास, दवाखाना किंवा दुकान असेल तर गाडी लावणारे रोज बदलतात. तिथे एकेका चालकाशी भांडून उपयोग नाही. व्यवसाय चालवणाऱ्याशीच ठरवा की फाटकापासून एक मीटर मोकळं राहील असा ठळक फलक त्यांनी आपल्या दारात लावायचा आणि गर्दीच्या तासाला कुणीतरी बाहेर उभं राहायचं. घरात चालायला त्रास होणारं कुणी असेल तर अपंगांसाठीच्या राखीव जागेचा अर्ज करता येतो का ते पाहा, पण अशी जागा बऱ्याच ठिकाणी व्यक्तीला नव्हे, तर परवाना असणाऱ्या कुणालाही खुली असते. इलेक्ट्रिक गाडीची चार्जिंग केबल फुटपाथवरून आडवी टाकू नका. त्यात अडखळून कुणी पडलं तर पार्किंगचा वाद बाजूलाच राहील.

या प्रश्नातल्या घरासाठी क्रम असा लावेन. या शनिवारी मापं. मग दोन आठवडे वही, त्यात समोरची गाडी असलेले आणि नसलेले दिवस वेगळे. त्याच काळात स्वतःची गाडी रिव्हर्समध्ये आत लावायला सुरुवात करा. तेवढ्यानेच तीनदा मागेपुढे एकावर आलं तर मागणी एका मीटरवरून अर्ध्यावर आणता येईल. नंतर एकदा बोलणं, शेजाऱ्यांची गाडी नेमकी कुठे सरकायची ते खडूने दाखवून. नाही जमलं तर तिसरा माणूस. त्यानंतरही नाक फाटकासमोरच येत राहिलं तर फक्त त्या नाकाबद्दल तक्रार. आणि दोघांपैकी कुणी गाडी बदलली तर खडूची रेष पुन्हा मोजा. ३.७ मीटरच्या हॅचबॅकसाठी ठरलेली वाटणी ४.६ मीटरच्या गाडीला पुरत नाही, आणि नवी गाडी दारात येते त्या दिवशी हे लक्षात येत नाही.